‘बाकी सगळं बरं आहे’ याच्यापुढे बोलायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी चाकणला कारखान्यात क्वालिटीच्या कामावर आहे. आईबाबा गावात, भाऊ नागपूरला, बहीण गोंदियाकडे दिलेली. ती लिहिते, “दर रविवारी रात्री आठला घरी फोन करते. जेवण झालं का, पाऊस आहे का, तब्येत कशी, बाकी सगळं बरं. तीन मिनिटांत फोन संपतो. भावंडांचा ग्रुप आहे, त्यात सकाळची फुलं आणि वाढदिवसाचे केक. बाबांनी विहिरीचा गाळ काढायला घेतला, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. घरचं एकमेकांना नीट कळवायचं कसं?”

ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात 1983 पासून 2017 पर्यंत शाखा डाकघर चालवलं. नाव मोठं, पण डाकघर म्हणजे माझ्याच घराची समोरची खोली. एक टेबल, तारखेचा शिक्का, तराजू, लाखेची कांडी आणि एसटीनं येणारी थैली. दिवसाचे तीन-चार तास टपाल, बाकी वेळ वावर. पोटापाण्याचा दुसरा धंदा असला पाहिजे अशी खात्याचीच अट होती, म्हणून पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, आणि पोस्ट दोन्ही सांभाळलं. पत्रं लिहून देणं माझ्या कामात कुठंच बसत नव्हतं, पण अर्धं गाव समोर बसून सांगायचं आणि मी लिहायचो. आलेलं पत्र वाचूनही मीच दाखवायचो. त्यामुळे मला एक गोष्ट दिसायची, जी लिहिणाऱ्याला दिसत नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. कोणत्या पत्राला उत्तर येतं आणि कोणतं पत्र विहिरीत टाकलेल्या गोट्यासारखं बुडून जातं, ते.

त्यावरून सांगतो. होऊन गेलेल्या गोष्टी कळवल्या, तर उत्तराला महिना लागायचा. मधेच अडकलेली गोष्ट कळवली, की आठ दिवसांत कार्ड हजर. तुमच्या घरात बोलणं संपतं ते प्रेम कमी आहे म्हणून नाही. तुम्ही सगळे एकमेकांना फक्त निकाल कळवता. पाऊस झाला, तब्येत बरी आहे, केक कापला. निकाल ऐकून माणूस ‘बरं’ म्हणतो आणि गप्प बसतो.

आता ‘जेवण झालं का’ला नावं ठेवू नका. जुन्या पत्रात वर ‘श्री’, मग ‘तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, आणि लगेच ‘इकडील सर्व क्षेम, आपले क्षेम कळवावे’. ही ओळ मी किती वेळा लिहिली त्याची मोजदाद नाही. ती पोकळ वाटते, पण कामाची होती. पत्र हातात पडलं की घरातल्या बाईच्या छातीत पहिले धस्स व्हायचं. ‘सर्व क्षेम’ ऐकलं की ती खाली बसायची आणि पुढचं ऐकायला कान मोकळा व्हायचा. तुमचं ‘जेवण झालं का’ तेच काम करतं. अडचण एवढीच, की तुम्ही ‘सर्व क्षेम’ लिहून कार्ड पेटीत टाकता. खालच्या दहा ओळी कोऱ्याच जातात.

एक बुढी होती आमच्या गावात. पोरगा वणीकडे कोळशाच्या खाणीत. दर महिन्याला यायची, कार्ड घ्यायची. मी लागलो तेव्हा कार्ड 15 पैशांचं होतं, निवृत्त झालो तेव्हा 50 पैशांचं. बसली की आमचं ठरलेलं बोलणं.

“काय लिहू माय?”

“लिही, सगळं बरं हाय.”

“आणखी?”

“आणखी काय? सगळं बरं हाय. तुह्यं बरं हाय का म्हणा.”

अशी कार्डं वर्षभर गेली. पोराची मनीऑर्डर यायची, पत्र नाही. मनीऑर्डरच्या फॉर्मवर संदेशापुरती एक चिमुकली जागा असायची. त्यात तो लिहायचा, ‘पैसे घेणे. मी बरा आहे.’ एक दिवस मला कंटाळा आला म्हणा किंवा सुचलं म्हणा, मी विचारलं, “माय, आज घरून निघाली तवा कोणतं काम अर्धं टाकून आली?” तर बुढी सुरूच झाली. रातच्या वाऱ्यानं गुरांच्या कोठ्याचं टिन उचललं, त्यावर गोटा ठेवला आहे. खालची बल्ली वाळवीनं खाल्ली. म्हातारा म्हणतो बाभळीची टाकू, मोठे बाबा, म्हणजे थोरले काका, म्हणतात लोखंडी अँगलच टाका, आणि पाऊस तर उंबरठ्यावर आहे. मी म्हटलं हेच लिहितो. ती हसली, “अरे बाप्पा, हे का लिहाची गोष्ट हाय?”

लिहिलं. आठव्या दिवशी खाणीवरून कार्ड आलं, शाईचे डाग पडलेलं, पोराच्या स्वतःच्या अक्षरात. ‘बाभळीची टाकू नका, दोन वर्षांत पुन्हा तेच. मी पोळ्याला येतो तेव्हा अँगल आणतो. तोवर टेकू द्या. वासरू त्या बाजूला बांधू नका.’ बुढीनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. पैसे तर तो दर महिन्याला पाठवायचाच, पण खाणीत बसून त्याला वासरू कुठं बांधलेलं असतं ते आठवतं, हे तिला त्या दिवशी कळलं. नंतर तिला विचारावं लागलं नाही. ती स्वतःच घरून ठरवून यायची, आज काय अर्धं आहे ते.

म्हणून तुमच्या रविवारच्या फोनात एक बदल करा. ‘कसं चाललं’ विचारू नका, सध्या कोणतं काम कुठवर आलं ते विचारा. पण त्यासाठी हंगाम डोक्यात पाहिजे, आणि गाव सोडून पाच वर्षं झाली की तोच पहिले विसरतो. जूनमध्ये ‘पाऊस आहे का’ हा प्रश्न मोबाइललाही विचारता येतो. बाबांना विचारायचं, ‘सरकी टोबली का, की ओलीची वाट पाहता? गेल्या पावसाचं किती उगवलं, न उगवलेल्या जागी खांडण्या भरायच्या आहेत का?’ जुलै-ऑगस्टात डवरण, म्हणजे कोळपणी, कितवं, निंदणाला बाया मिळतात का, रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, काय चालला. बायांचा रोज विचारला की आई दहा मिनिटं बोलते, लिहून घ्या. कोणाच्या वावरात कोण गेली, कोणी चहा दिला नाही, कोण दहा वाजता येऊन पाचला निघते, सगळं त्यात येतं. पोळा जवळ आला की बैलजोडी आहे की विकली, आणि विकली असली तर या वर्षी पूजा कोणाच्या बैलांची करणार. हा प्रश्न जपून विचारा. बैल विकलेल्या घरात तो दुखतो, पण न विचारलेला जास्त दुखतो.

दसऱ्याच्या आसपास सोयाबीनची सवंगणी, म्हणजे कापणी. मग सीतादही, म्हणजे वावरातली पूजा, करून कापसाचा पहिला वेचा. त्यानंतर ‘कितवा वेचा चालू आहे, वेचाई किलोमागे काय, कापूस घरातच भरला की दिला?’ दिला असेल तर चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, मिळाला का, हेही विचारा. कापसाची सरकारी एकाधिकार खरेदी होती तेव्हा या एका शब्दावर घरं अडलेली असायची. चुकारा आला की लुगडी, चुकारा आला की लग्नाची तारीख. मी कितीतरी पत्रांत ‘चुकारा मिळताच कळवतो’ हे शेवटचं वाक्य लिहिलं आहे, आणि त्या वाक्यामुळेच पुढचं पत्र यायचं.

तुमची बहीण गोंदियाकडे आहे. तिला पऱ्हाटीचं विचारून काय कामाचं? तिकडे धान. तिला विचारा परे, म्हणजे धानाची रोपं, टाकले का, रोवणा, म्हणजे लावणी, कुठवर आला, पुढे दिवाळीच्या सुमारास कापलेल्या धानाचे पुंजणे रचले का. माझी स्वतःची बहीणही तिकडेच दिलेली. लग्नानंतर दोन वर्षं मी तिला कापसाचं लिहीत बसलो. ती एकदा चिडून म्हणाली, “दादा, तू मले माहेरचंच विचारतेस. मी कुठं राहाते ते तुले माहीत हाय का?” तेव्हापासून रोवणा शिकलो.

तब्येतीचंही तसंच. ‘तब्येत कशी’ला बाप माणूस ‘ठीक’ याशिवाय काही म्हणत नाही. 2017 च्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं गेली. त्या दिवसांत बाहेरगावची पोरं घाबरून फोन करायची आणि विचारायची, तब्येत बरी ना? बाबा म्हणायचे बरी. विचारायचं होतं ते हे, की फवारणी स्वतः करता की गडी लावला, पंप कोणता, तोंडाला काय बांधता, वारा कोणत्या बाजूनं असताना मारता, आणि घरी आल्यावर आंघोळीआधी पाणी पिता का. अशा प्रश्नाला ‘ठीक’ हे उत्तर देताच येत नाही.

हे झालं विचारण्याचं. सांगण्याच्या बाजूनं तुम्ही लोक जास्त कंजूस असता. आईला विचारलं, मुलगी काय करते, तर ती काय सांगत असेल? “पुण्याकडे कंपनीत हाय.” यापुढे तिच्याकडे शब्द नाहीत, कारण तुम्ही दिले नाहीत. तुमचं काम क्वालिटीचं. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे दिवसभर तयार माल मोजायचा, केसाएवढा फरक निघाला तर नग बाजूला काढायचा. हे असं सांगितलं की आई लगेच म्हणेल, “म्हणजे कापसातून कवडी येगळी कराची.” बरोबर, तेच, खराब कापूस वेगळा काढावा तसं. मग पुढच्या रविवारी ती आपणहून विचारेल, या हप्त्यात कवडी किती निघाली? सुपरवायझर का भडकला, रात्रपाळीत डोळ्यांवर झोप येते तेव्हा काय करता, डब्यात कोणाची भाजी खाल्ली, हे सांगा. बढती मिळाली ते तर सांगालच.

आमच्या गावातला एक पोरगा फौजेत होता. त्याचा पत्ता म्हणजे नुसता नंबर, नाव आणि ‘56 एपीओ’. त्याच्या आईनं मला तीनदा विचारलं, हे छप्पन एपीओ गाव कोणत्या जिल्ह्यात येते? मी सांगितलं, ते गाव नाही, फौजेचं टपाल आहे. पोरगा कुठं आहे ते पत्त्यात लिहीत नाहीत आणि त्यालाही ते लिहायची परवानगी नसते. तर त्यानं काय लिहावं? ‘रात्री बाटलीतलं पाणी गोठतं. सकाळी बाटली कोटात धरून बसतो, मग दात घासतो.’ गाव कळलं नाही, पण पोरगा कसा बसला असेल ते तिला दिसलं. ती ते पत्र ब्लाउजमध्ये घेऊन निंदायला जायची.

वाईट बातमीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते सांगितल्याशिवाय उत्तर अर्धं राहील. पूर्वी मयतीच्या पत्रावर ‘श्री’ नसायचा आणि कार्डाचा एक कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमन दारात उभा राहिला आणि कोपरा दिसला की वाचायच्या आधीच घराला कळायचं. असं कार्ड घरात ठेवत नसत, वाचून लगेच फाडून टाकत. तार तर नुसती आली तरी रडारड. पोरगा पास झाल्याची तार उघडायच्या आधी आजीनं बांगड्यांना हात घातलेला मी पाहिला आहे. जुलै 2013 मध्ये तार बंद झाली. आता कोपरा नाही, तार नाही. बातमी सांगणाऱ्यानंच पहिल्या वाक्यात कोपरा फाडावा लागतो.

इथं मी स्वतः चुकलो आहे. वडील आजारी पडले तेव्हा मी त्याच बहिणीला तीन कार्डं लिहिली. तिन्हींत ‘बाबांची तब्येत जरा नरम आहे, काळजी नसावी.’ तिच्याकडे रोवण्याचे दिवस, घरात दहा माणसांचा स्वयंपाक, तिला कशाला धावपळ, असा माझा हिशेब. दुसऱ्यांची पत्रं लिहिताना मी कोणाला असं लिहू दिलं नसतं. तिसरं कार्ड तिला मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी वडील गेले. ती आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ओट्यावर बसून ती एवढंच म्हणाली, “तुह्या हातचं अक्षर होतं, म्हणून मी निवांत होती.” ती आजही राखीला येते, बोलते, जेवते. पण माझ्या तोंडून ‘काळजी करू नको’ आलं की उठून आत जाते.

तेव्हापासून माझी रीत अशी. पहिल्या वाक्यात कोणाला काय झालं आणि आत्ता कसं आहे. दुसऱ्या वाक्यात समोरच्यानं काय करायचं. निघ, किंवा आज नको पण शनिवारी ये, किंवा पैसे लागतील, किंवा यायची गरज नाही पण रोज संध्याकाळी फोन कर. डॉक्टर काय म्हणाले, रिपोर्टात काय आलं, ते नंतर. आणि ‘काळजी नसावी’ हे शब्द आपल्या हातून लिहायचेच नाहीत. करायची की नाही ते ज्याचं त्याला ठरवू द्या.

ग्रुपबद्दल. आमच्या वेळी कार्ड म्हणजे गावाचं, अंतर्देशीय म्हणजे घराचं आणि पाकीट म्हणजे नवराबायकोचं. कार्ड पोस्टमनपासून पारावरच्या पोरापर्यंत कोणीही वाचायचं, म्हणून त्यात कर्जाचा आकडा कोणी लिहीत नसे. तुमचा ग्रुप हे कार्ड आहे. त्यात गाय व्याली, वेचा सुरू झाला, टिन बसलं. धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, वाद, वाटणीचं बोलणं, पीककर्ज किती थकलं, मुलगी पाहायला कोण येऊन गेलं, हे त्यात नको. ते एकेकाला सांगा. आणि कोणाला आधी सांगायचं याचा मान सांभाळा. मोठे बाबा, आत्याबाई, मग जवाई. जवाईबुवांना साळ्याच्या सोयरिकीची गोष्ट बाहेरून कळली, तर ती पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात निघते. मोबाइलवर पत्रिका पाठवली म्हणजे निवतं झालं, असं आमच्याकडे अजून कोणी मानत नाही. निदान आत्याबाई तरी मानणार नाहीत.

फोनही आता पाकीट राहिला नाही. आई फोन स्पीकरवर टाकून भाकरी थापते आणि बाजूला शेजारच्या काकू बसलेल्या असतात. म्हणून पहिला प्रश्न ‘जवळ कोण आहे?’ हा असू द्या. तुम्हाला गाळाचं काकूंकडून कळलं, म्हणजे त्या बसलेल्या असतातच.

वेळही बदला. रविवारी रात्री आठला आई चुलीपुढे असते, आणि शेतातल्या पंपाच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची असली की बाबा ओलिताला निघायच्या घाईत असतात. गहू-हरभऱ्याच्या दिवसांत तर हमखास. त्या हप्त्यात लाइन दिवसाची की रात्रीची ते विचारून घ्या आणि त्याप्रमाणे फोन करा. दुपारी जेवून धुऱ्यावरच्या झाडाखाली टेकतात, ती वीस मिनिटं सगळ्यात मोकळी. तुमची पाळी आड येत असेल तर आईला आवाज भरून पाठवायला शिकवा. लिहिता येत नाही ही आता अडचण राहिलेली नाही. शिकवताना ‘काहीतरी बोल’ म्हणू नका, ती “हॅलो हॅलो, बरं हाय” म्हणेल आणि बंद करेल. म्हणावं, आज कोणतं काम अर्धं राहिलं तेवढंच सांग.

फोटोंचं एक सांगतो, माझ्या नातवानं सुरू केलेलं. विहिरीच्या थारोळ्यावर उभं राहून पंधरा दिवसांनी एकदा वावराचा फोटो, जागा तीच, तोंड त्याच दिशेला. पहिल्या फोटोत काळी माती, मग तास, मग पाती-फुलं, मग बोंडं फुटून पांढरं झालेलं. मधल्या एका फोटोत पऱ्हाटीची एक पट्टी आडवी पडलेली दिसली, तर छत्रपती संभाजीनगरातल्या माझ्या पोराचा लगेच फोन, “बाबा, रानडुकरं शिरली का?” शिरली होती. मी सांगितलं नव्हतं.

बाकी तुमच्या भावाला एक काम द्या. तीन-चार भावंडांची घरं असली की सगळे समजतात दुसरा कोणी सांगेल. महिन्याची पाळी लावा. ज्याची पाळी, त्यानं घरी फोन करून पाच-सहा ओळी सगळ्यांना लिहायच्या, आणि त्यातली एक ओळ तरी प्रश्न असावा. बहिणीलाही पाळी द्या, ती सासरी गेली म्हणून वगळू नका.

आता माझी जागलीला, म्हणजे वावराच्या राखणीला, जायची वेळ झाली. हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, येऊ लागले आहेत.

ता. क. विहिरीचा गाळ कुठवर आला? मोटर वर काढून ठेवली का, आणि आत उतरायला माणसं गावातली मिळाली की बाहेरून आणली? बाबांना विचारून कळवा.